टिश्यू कल्चर कपातली क्रिप्ट: पहिल्यांदा खरी झाडं लावणाऱ्यांनी हीच घ्या

माशांच्या टँकमध्ये खरी झाडं लावायचीत म्हटलं की जो तो सीओटू सिलिंडर (पाण्यात कार्बन डायऑक्साईड सोडणारा) घ्या, भारी लाईट घ्या, इम्पोर्टेड सॉइल घ्या असं सांगत सुटतो आणि बिचारा नवीन माणूस खर्च ऐकूनच गार होतो नि प्लॅस्टिकचं झाड घेऊन घरी येतो. ज्यांच्याकडे दोन फुटी टँक, साधी एलईडी आणि हौस एवढंच आहे त्यांच्यासाठी लिहितोय. प्रॉडक्ट म्हणजे क्रिप्टोकोराईन वेंडटी ब्राऊन (थोडक्यात क्रिप्ट, पाण्याखाली वाढणारं झाड), टिश्यू कल्चर कप म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांचा कप, ऑनलाईन मागवला, कुरियर धरून तीनशेच्या आत पडला.

दुकानात स्वस्तात झाडांची जुडी मिळत असताना कप कशाला? तर जुडीत काय येतं ते बघा. आमच्या भागातल्या एका फिश शॉपमध्ये पाण्यात बुडवून ठेवलेली निम्मी झाडं पाण्यातली नसतातच, लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, सगळं "वॉटर प्लांटच आहे साहेब" म्हणत खपवतात. ती काही आठवडे हिरवी दिसतात, मग बुडातून कुजायला लागतात, पाण्यात अमोनिया वाढतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि दुकानदार म्हणतो तुमचं पाणीच खराब! अस्सल पाण्यातल्या हायड्रिलाची जुडी मिळाली तरी गोगलगायींची अंडी आणि शेवाळ फुकट येतंच.

कपात ही भानगड नाही. लॅबमध्ये निर्जंतुक जेलीत वाढवलेली रोपं असतात, त्यामुळे गोगलगाय नाही, कीटकनाशक नाही, श्रिंप (छोटी कोळंबी) पाळणाऱ्यांनी तर डोळे झाकून घ्यावीत. जेली म्हणजे बहुतेक वेळा अगार, आपलं चायना ग्रासच. ती मात्र नीट धुवा, साध्या पाण्यात बोटांनी हलकं चोळत मुळांच्या गुंत्यातून सगळी काढा, कारण राहिली तर टँकमध्ये तिच्यावर पांढरी बुरशी धरते. मग गड्डा सोडवून छोटी छोटी रोपं वेगळी करायची, एका कपातून सहज आठ-दहा निघतात, आणि चिमट्याने बारीक खडीच्या दोनेक इंच जाड थरात खोचायची. क्रिप्ट जेवते मुख्यतः मुळांतून म्हणून खाली रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी) टाका, बाटलीतल्या लिक्विड खतावर आधी पैसे घालवू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून लोक एक स्टार देऊन मोकळे होतात. लावल्यावर एक-दोन आठवड्यांत पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि बोट लावलं की विरघळतात, कधी कधी अख्खं रोप बोडकं होतं. मेलं समजून उपटू नका हो! कपातली पानं दमट हवेत वाढलेली असतात, ती पाण्याखाली चालत नाहीत म्हणून झाड ती टाकून देतं. चिकट पानं तेवढी कापून काढायची, मुळांना हात लावायचा नाही. माझ्याकडे मधूनच सुईसारखा तपकिरी कोंब आला आणि उलगडला तेव्हा पान आधीपेक्षा अरुंद, कडेला लाटा असलेलं होतं, जुन्याशी काही साम्यच नाही.

लाईट सहा-सात तास, टायमर लावून. जास्त लावलात तर झाडाआधी शेवाळ वाढतं. सीओटू लागत नाही. मुंबईचं धरणाचं मऊ पाणी असो की सोसायटीच्या बोअरचं जड, वेंडटी दोन्हीत तगते, फक्त गोल्डफिश असतील तर नाद सोडा, ते उकरून वर काढतात. ही मूळची श्रीलंकेची, अळूच्या कुळातली, आणि हिचंच भावंड रेट्रोस्पायरॅलिस आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत उगवतं, पण म्हणून ट्रेकला जाऊन उपटून आणायचं नसतं.

सोबत अनुबियास हे टँकमधलं दुसरं झाडही घेतलं होतं, तेही मस्त चाललंय, त्याचा जाड आडवा कंद खडीत पुरायचा नाही एवढंच, लाकडावर दोऱ्याने बांधायचं.

पाचपैकी चार. एक कापला कारण रोपं फारच बारकी असतात, टँक भरलेला दिसायला काही महिने जातात आणि तोवर घरी आलेला प्रत्येक जण "झाडं कुठायत?" विचारतो. पॅकिंग ठीक. ऑर्डर सोमवारी टाका, शुक्रवारी टाकलीत तर कप रविवारभर कुरियरच्या गोडाऊनमध्ये शिजतो, मे महिन्यात तर मागवूच नका.