एअरब्रश साफ करायला साडेसहाशेचं किट कशाला? दातांच्या फटींचा ब्रश आणि चहाची गाळणी पुरते

गणपती तोंडावर आलेले आणि माझा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेनासारखं अवजार, रंगाच्या कपातनं बुडबुडे काढायला लागला. ज्याच्याकडनं घेतला त्या दुकानदाराला फोन केला तर ब्रश न बघताच म्हणाला, "नोझल गेलं साहेब, नोझल-नीडलचा सेट टाका." नोझल म्हणजे रंग बाहेर पडायचं पुढचं बारीक तोंड, नीडल म्हणजे त्यात बसणारी सुई. सेटची किंमत ऐकली, जवळजवळ अख्ख्या ब्रशचा तिसरा हिस्सा. वॉरंटी विचारली तर "नोझलला नसते." आणि वर साडेसहाशेचं क्लीनिंग किट घ्या असा फुकटचा सल्ला. किटमध्ये काय, तर पाचसहा बारीक ब्रश, एक तार आणि एक काचेची बरणी. म्हटलं ठीक आहे, बघू घरात काय काय सापडतं.

ब्रश तोच, जो आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे आहे, वर कप, ड्युअल ॲक्शन (एकाच बटणावर हवा आणि रंग दोन्ही), ०.३ मिलिमीटरचं नोझल, मेड इन चायना, त्यामुळे स्पेक्स लिहीत बसत नाही. गणपतीआधी घरच्या आणि नातेवाईकांच्या शाडूच्या मूर्ती, बाकी वर्षभर प्लास्टिकची विमानं, एवढाच माझा वापर.

आधी बुडबुड्यांचं. हवा पुढनं बाहेर जायच्या ऐवजी नोझलच्या बुडातनं रंगाच्या वाटेत शिरली की ती कपात येते. नोझल नीट बसलं नसेल, चिरलं असेल, पुढची कॅप ढिली असेल किंवा तोंडाशी रंग सुकला असेल, यातलं काहीही असू शकतं, आणि यातल्या फक्त एका कारणासाठी नवीन नोझल लागतं. माझ्याकडे कारण होतं सोनेरी रंग. सोनेरी आणि पर्ल रंगात अभ्रकाचे चपटे कण असतात, ते ०.३ च्या भोकाशी एकावर एक अडकतात. त्यात ॲक्रिलिक रंग एकदा पूर्ण सुकला की पाण्यात परत विरघळत नाही, त्यातले प्लास्टिकचे कण एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात. म्हणून "पाण्यानं धुतला होता की" याला काही अर्थ नाही. ओला असेपर्यंत पाणी, सुकल्यावर आयपीए. आयपीए म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते अल्कोहोल, त्यांच्याकडे विचारा, कुठे मिळतं ते सांगतात.

आता माझ्या डोक्यात बसलेला मुद्दा, त्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. कपाच्या तळाशी जिथे नीडल आडवी जाते तिथे एक कोपरा आहे. वरनं बघितलं तर कप चकाचक, इअरबड फिरवला तर इअरबड पांढराशुभ्र बाहेर येतो, आणि तरी त्या कोपऱ्यात, नीडलच्या पाठीमागच्या बाजूला, मागच्या तीन रंगांचा थर शांतपणे बसलेला असतो. पुढच्या वेळी पांढरा भरला की त्यातनं निळसर झाक येते आणि आपण रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो. इअरबड तिथे पोचत नाही, उलट त्याचा कापूस सुटतो आणि तो धागा थेट नोझलमध्ये जातो. टूथपिकचं टोक तुटतं. टूथब्रशचा प्रश्नच नाही. मोबाईलचा टॉर्च तिरपा मारून त्या भोकात बघा एकदा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

तिथे पोचणारी एकच वस्तू सापडली, दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश, मेडिकलमध्ये मिळतो. टेपे कंपनीच्या ब्रशना रंगावरून मापं आहेत, गुलाबी ०.४, केशरी ०.४५, लाल ०.५, निळा ०.६ मिलिमीटर. गुलाबी किंवा केशरी घ्या, लाल माझ्या एअरब्रशमध्ये घट्ट होतो. नीडल पूर्ण काढायची, नोझल काढायचं, हा बारीक ब्रश आयपीएत बुडवून कपाच्या बाजूनं घालून पुढे काढायचा, पुढनं घालून मागे. पहिल्यांदा केलं तेव्हा सोनेरी चिखल बाहेर आला, अक्षरशः चिखल. बुडबुडे त्याच दिवशी बंद. त्याच नोझलवर, बरं का, जे "गेलं" होतं!

फक्त हा ब्रश नोझलच्या तोंडातनं आरपार ढकलायचा नाही, तो जाणारच नाही. आणि किटमधली ती तार तर अजिबात नको. नोझल पितळेचं, तोंड कागदासारखं पातळ, तार किंवा शिवणाची सुई घातली की ते फाकतं आणि मग फवारा एका बाजूला जातो. नोझल आयपीएत थोडा वेळ बुडवून ठेवा, मग मागच्या रुंद बाजूनं टूथपिक हलकेच फिरवा, बास.

नोझल धुताना खाली चहाची गाळणी धरा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान वस्तू आहे, बेसिनमध्ये गेली की गेली. एका व्हिडिओत खाली चुंबक लावलेली वाटी ठेवा म्हणून सांगितलंय, पण पितळ चुंबकाला चिकटतं का? (घरची गाळणी वापरली तर काय ऐकावं लागतं ते लिहीत नाही, वेगळी घ्या, वीस-तीस रुपयांत येते.)

बाकी सामान: मेडिकलमधली सुई नसलेली पाच एमएलची सिरिंज, कपात पाणी जोरात मारायला एक नंबर. जॅमची बरणी, झाकणाला भोक आणि आत जुनं फडकं, उरलेला रंग त्यात मारायचा. दोन रंगांच्या मधे कप ओतायचा, सिरिंजनं पाणी, बरणीत फवारा, मग कॅपवर फडकं दाबून कपात उलटे बुडबुडे काढायचे, पुन्हा फवारा. हे दर रंगाला केलं तर पूर्ण खोलायची वेळ क्वचितच येते. आयपीए किंवा थिनर असेल तर मास्क लावा आणि गॅस, समई, उदबत्ती यांच्या आसपास फवारू नका, दोन्ही पेट घेतात.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मधे ब्रश परत पचापचा थुंकायला लागला. झालं, म्हटलं दुकानदार खरा ठरला. सगळं खोललं, कोपरा स्वच्छ, नोझल स्वच्छ. शेवटी नळी काढून हातावर हवा मारली तर तळहात ओला! पावसाळ्याची दमट हवा, कंप्रेसर ती दाबतो, गरम हवा नळीत गार झाली की पाणी सुटतं आणि थेंब रंगाबरोबर बाहेर. मूर्ती रंगवायचा सीझन नेमका भर पावसातला, त्यामुळे थुंकणारा प्रत्येक ब्रश घाण असतोच असं नाही हे माझं आताचं मत. मॉइश्चर ट्रॅपचं (हवेतलं पाणी अडवणारी नळीवरची बाटली) पाणी काढा, नसेल तर ट्रॅप घ्या, पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला. नळीचा मधला भाग खाली लोंबकळत ठेवला की थोडं पाणी तिथेच अडतं, हा फुकटचा उपाय.

चष्म्याच्या दुकानातलं अल्ट्रासॉनिक मशीनही वापरून बघितलं, ओळखीचा आहे. सुकलेला रंग सुटतो, पण कोपऱ्यातला पूर्ण नाही, शेवटी तो फटींचा ब्रश घालावाच लागला. त्यासाठी वेगळं मशीन घेण्यात मला राम वाटत नाही.

काच पुसायच्या लिक्विडमध्ये रात्रभर बुडवा असं बरेच जण सांगतात. पुसायला ठीक, पण अमोनियावालं असेल तर बुडवून ठेवू नका. ब्रशची बॉडी आतनं पितळेचीच आणि अमोनिया पितळेचा जुना वैरी. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली की आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण १९२१ मध्ये सिद्ध झालं. आपला ब्रश एका रात्रीत तडकणार नाही, पण प्लेटिंग उडालेल्या जागा काळवंडतात, एका मित्राचा तसा झालाय.

एका गोष्टीला मात्र घरात पर्याय सापडला नाही, नोझलचा पाना. ब्रशबरोबर आलेला पाना पत्र्याचा, जबडा पहिल्या महिन्यातच फाकला आणि नोझलच्या कडा गोल व्हायला लागल्या. आमच्या इथल्या घड्याळवाल्यानं जुन्या पान्याला कानस मारून बरोब्बर मापाचा करून दिला, चहाचे पैसे घेतले. बसवताना नोझल टेकलं की थांबायचं, त्यापुढे जोर लावला की मान तुटते आणि तेव्हा खरंच सेट घ्यावा लागतो.

लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा रंग) मारणाऱ्यांनी एअरब्रशमधली ओ-रिंग, म्हणजे नीडलभोवतीची गळती थांबवणारी बारीक रिंग, कशाची आहे ते आधी बघा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये साधं रबर फुगतं आणि नीडल जाम होते, टेफ्लॉनला काही होत नाही. सिरिंजचा रबरी दट्ट्याही थिनरमध्ये फुगतो, त्याला ड्रॉपर वापरा, तोही अख्खा प्लास्टिकचा, रबरी फुग्याचा नको.