दाखवलं अ‍ॅल्युमिनियम, दिला पत्रा

गेल्या वर्षी जूनमध्ये मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १२,८०० रुपयांना पत्र्याचा एक डबा विकत आणला. दुकानात त्याचं नाव ‘फुल अ‍ॅल्युमिनियम मिनी आयटीएक्स कॅबिनेट’ असं होतं. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचे भाग ज्यात बसवतात ती पेटी. स्वतःचा पीसी स्वतः जोडायची सवय मला फार जुनी, त्यामुळे आपल्याला कोण फसवणार अशी थोडी घमेंडही होती. ती उतरली. ज्यांना असलं छोटं कॅबिनेट घ्यायचंय त्यांनी हे वाचून घ्या, आणि निघताना फ्रिजवरचा एक लोहचुंबक खिशात टाका.

मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, डोंबिवलीत, राहत्या घरातच. टेबलाखाली मोठा टॉवर होता, पाय ठेवायला जागा नाही. त्यात गणपतीला चिपळूणला गेलो की दहा दिवस काम ठप्प. सीझन संपला तरी डिलिव्हऱ्या बाकी असतातच, आणि नवरीकडच्यांचे फोन गावालाही येतात. तेव्हा सॅकमध्ये मावेल असा पीसी करायचा, हे डोक्यात बसलं.

या छोट्या कॅबिनेटांचं माप लिटरमध्ये सांगतात. नेहमीचा टॉवर चाळीस-पंचेचाळीस लिटरचा, म्हणजे पंधरा किलोवाले तेलाचे जवळपास तीन डबे एकावर एक रचल्यासारखा. हौशी लोकांनी डिझाइन केलेल्या ज्या कॅबिनेटांनी ही टूम आणली, त्यातलं एनकेस एम१ हे १२.६ लिटरचं आणि डॅन ए४ जेमतेम ७.२ लिटरचं. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची, तैवानच्या लिआन लीच्या कारखान्यात बनलेली. एवढ्याशा जागेत १७ बाय १७ सेंटीमीटरचा ‘मिनी आयटीएक्स’ मदरबोर्ड, वीज पुरवणारा लहान एसएफएक्स एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड दाटीवाटीनं बसवायचं. इथे पाच मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले. मोठ्या टॉवरमध्ये चूक खपते, इथे नाही.

भाचा बरोबर होता. ग्रँट रोडला उतरलो, पाऊस नुकताच सुरू झालेला, दोन-तीन दुकानं बघून एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानात शिरलो. काउंटरवर ते ठेवलेलं होतं. राखाडी अ‍ॅनोडाइझ केलेलं, बोट फिरवलं तर बारीक रेशमी खरखर लागावी असं. कडा किंचित मारलेल्या, बाजूचं पॅनेल नुसतं दाबलं की ‘टक’ करून बसायचं. दुकानदारानं बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. पत्र्याचा खणखणाट नाही, एक जड, बसका आवाज. “२ एमएम आहे साहेब. आँख बंद करके ले लो.”

आम्ही डोळे मिटले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. भाच्यानं टेप काढला. बाहेरून माप घेतलं, ११ लिटरच्या आसपास भरलं. आतून कार्डाची जागा ३२ सेंटीमीटर. माझं कार्ड तीन पंख्यांचं, ३०४ मिलिमीटर लांब, आरामात बसणार. शेजारी लॅमिनेट केलेला एक कागद होता: फुल अ‍ॅल्युमिनियम, २ एमएम, ११ लिटर, कार्ड ३२० एमएम, जेन ४ रायझर केबल सोबत. रायझर म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणारी केबल, जेन म्हणजे तिच्या वेगाची पिढी. भाच्यानं कॅबिनेटचा आणि कागदाचा एकाच फ्रेममध्ये फोटो काढला. इन्स्टाग्रामला टाकायला काढला होता. पुढे तोच एक पुरावा उरला.

“हाच द्या,” मी म्हटलं.

“हा डिस्प्लेचा पीस, साहेब. शंभर लोकांनी हात लावलाय, ओरखडे आहेत. तुम्हाला सीलपॅक देतो.”

पोऱ्या गोडाऊनमधून खोका घेऊन आला. साधा तपकिरी खोका, वर ना कंपनीचं नाव, ना मॉडेल, ना एमआरपी. बाहेरून आणलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलाय, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असावी लागते. कायदाच आहे तसा. मी विचारलंही. “ओईएम पॅकिंग आहे,” म्हणजे थेट कारखान्यातलं, असं उत्तर. मग उघडून बघू म्हटलं, तर “सील तुटलं की वॉरंटी गेली.” कॅबिनेटला कसली आलीय वॉरंटी? हा प्रश्न मला पडला, पण परतीच्या लोकलमध्ये, कुर्ला गेल्यावर.

भाव १४,५०० होता. रोख दिले तर १२,८००, पक्कं बिल हवं तर पूर्ण १४,५००. मी २,००० यूपीआयनं टाकले, बाकीचे खाली एटीएमवरून काढून रोख दिले. हातात आली ती ‘एस्टिमेट’ छापलेली चिठ्ठी: कॅबिनेट, १ नग, १२,८००. ना जीएसटी नंबर, ना मॉडेल. सतराशे रुपये वाचवल्याच्या आनंदात आम्ही खाली वडापाव खाल्ला.

खोका उचलल्यावर तरी शंका यायला हवी होती, असं नंतर दोघातिघांनी ऐकवलं. इथे एक गंमत आहे. लोखंड अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, हे सगळ्यांना माहीत असतं. पण २ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची शीट चौरस मीटरला साधारण ५.४ किलो भरते, आणि ०.७ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ५.५ किलो. म्हणजे पत्रा पुरेसा पातळ घेतला की वजन तेच! हातात धरून ‘हलकं आहे, अ‍ॅल्युमिनियमच असणार’ म्हणणाऱ्याला हा हिशोब सहज गंडवतो. मी तोच म्हणणारा.

घरी सील फोडलं. समोरचं पॅनेल अगदी डिस्प्लेसारखं, तेवढंच खरं अ‍ॅल्युमिनियम. बाकी सगळ्याला राखाडी पावडर कोटिंग. मधोमध दाबलं तर बाजूचं पॅनेल आत जायचं आणि सोडलं की ‘टॉक’ करून वर यायचं, फरसाणाच्या डब्याच्या झाकणासारखं. बायकोनं काही न बोलता फ्रिजवरचा कोल्हापूरहून आणलेला अंबाबाईचा मॅग्नेट काढून दिला. डावं पॅनेल, चिकटला. उजवं, चिकटला. वर, खाली, मागे, आतली चौकट, सगळीकडे देवी ठाम बसली. फक्त समोरून घसरली.

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो कदाचित. अ‍ॅल्युमिनियममुळे पीसी थंड राहतो वगैरे जे सांगतात ते मला कधीच पटलेलं नाही. थंड ठेवते ती हवा, जाळीची भोकं आणि पंखे. धातूचे पैसे आपण रूपाचे आणि टिकाऊपणाचे मोजतो. पण भाच्यानं टेप लावला तेव्हा खरी गोम कळली. बाहेरची मापं ३४२ × १६८ × २४३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १४ लिटर. बाहेरून मोठं, आणि आत कार्डाला जागा २९८. पातळ पत्रा लटपटू नये म्हणून प्रत्येक कडा आत दुमडलेली, पुढे पंखा, त्यापुढे पोकळ पट्टी. वाढलेली जागा सगळी त्यातच गेली. माझं कार्ड ६ मिलिमीटरनं अडलं. आम्ही माप घेतलं होतं, नीट घेतलं होतं, फक्त दुसऱ्या डब्याचं.

रायझर केबलची तीच कथा. कार्ड आणि मदरबोर्ड पाठीला पाठ लावून बसवायचे असल्यानं मध्ये ही चपटी केबल लागते. कार्ड बाहेरच ठेवून जोडून पाहिलं, स्क्रीन काळी. प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर मशीन चालू करून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, स्लॉट जेन ३ वर आणला, तेव्हा चित्र उमटलं. केबल जेन ३ ची, वर स्टिकर मात्र जेन ४ चं. वेगात फार फरक पडत नाही हे खरं. पण नवख्या माणसानं कार्डच बिघडलं समजून दुरुस्तीला टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी “असं होणारच नाही.” मग मॅग्नेटचा व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं, “अलॉय आहे साहेब, म्हणून चिकटतं.” हे ऐकून भाचा इतका हसला की मला राग यायचा राहिला. कॅबिनेटला वापरतात तसलं अ‍ॅल्युमिनियमचं कुठलंही अलॉय फ्रिजच्या मॅग्नेटला दाद देत नाही. शनिवारी खोका घेऊन परत गेलो. काउंटरवरचा डिस्प्ले पीस गायब, लॅमिनेटचा कागद गायब. “सील तुटलंय, माल परत होत नाही,” आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट. ती पाटीही ठणठणीत लोखंडाची असावी.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला. बाईंनी नीट ऐकून घेतलं. बिल आहे का, पैसे दिल्याची नोंद आहे का, जाहिरात किंवा फोटो आहे का. माझ्याकडे २,००० चा यूपीआय, ती चिठ्ठी आणि भाच्याचा फोटो. १०,८०० रुपये रोख, म्हणजे कागदावर जवळपास नाहीतच. तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला. एक गोष्ट तेव्हा समजली ती सांगून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

नवव्या दिवशी दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ. “साहेब, तक्रार कशाला? घरातली गोष्ट आहे.” पैसे परत नाहीत म्हणाले, बदल्यात दुसरा काही माल घ्या. दोन आठवडे घासाघीस करून ३,५०० रुपये यूपीआयवर आले आणि मी तक्रार मिटवली. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देत नाही. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदतही २ वर्षांची असते. पण तारखेला एक दिवस म्हणजे माझं एक दिवसाचं काम, आणि रोखीचं सिद्ध काय करणार? मी कंटाळलो, हे खरं. तुम्ही कंटाळू नका, किंवा कंटाळायची वेळच येऊ देऊ नका: सतराशे रुपये जास्त द्या, बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या, आणि खोका दुकानातच फोडा. ‘सील’ म्हणून अडवलं तर जिना उतरा. जो पीस दाखवला तोच ओरखड्यांसकट मागा. देत नाही म्हटलं की समजायचं. त्याच गल्लीत तस्सा डबा नंतर मला ५,५०० ला दिसला, ‘स्टील बॉडी’ असं सरळ लिहिलेला. तो विकणारा माणूस मला भला वाटला.

ऑगस्टमध्ये गणपती तोंडावर आले, कार्ड अजून बाहेरच. शेवटी आतली दुमडलेली कड कापून घ्यायची ठरवली आणि रिकामं कॅबिनेट घेऊन स्टेशनजवळच्या ग्रिलवाल्याकडे गेलो. माझ्या तोंडून सवयीनं ‘अ‍ॅल्युमिनियमचं आहे’ निघून गेलं. त्यानं हात मागे घेतला.

“अ‍ॅल्युमिनियम असेल तर नाही करणार काका, चाक भरतं.”

“लावून तर बघ.”

त्यानं ग्राइंडर टेकवला. फुलबाजीसारख्या नारिंगी ठिणग्यांचा फवारा थेट रस्त्यापर्यंत गेला. त्यानं मशीन थांबवून गॉगल कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

“कोण म्हणालं अ‍ॅल्युमिनियम?”

१०० रुपये घेतले. कार्ड बसलं.