जांभळं पेन

आजोबांची भजनाची वही मी माझ्याच हाताने बिघडवली, आणि वर त्यासाठी २,८५० रुपये मोजले.

मालवणात पावसाळ्याचे चार महिने ओल कपाटात शिरते. पुठ्ठ्यावर बुरशी, पाठीला कसर. वहीची शिवण सुटली होती, पाच-सहा पानं कडेला फाटली होती. बाइंडरकडे दिली तर तो कडा कापून, गोंद फासून रेक्झिन चढवणार, म्हणून मोबाइलवर दिसलेलं ‘पुस्तक-दुरुस्ती किट’ मागवलं. सोबत १२ व्हिडिओंचा वर्ग. सवलत आज रात्रीपर्यंतच! पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. हे दिसत असूनही मी पाठवले.

व्हिडिओ चारच आले. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, आणि तो यूट्यूबवर फुकट आहे.

खोक्यातला दाभण तेवढा खरा. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी म्हणून दिलेल्या पट्टीला तापलेली सुई लावली तर खऱ्या हाडासारखा केस जळल्याचा वास येण्याऐवजी प्लास्टिक वितळलं. पण हे सगळे उद्योग नंतरचे. आधी मी ‘जपानी टिश्यू’च्या, म्हणजे फाटलेली पानं सांधायच्या पातळ कागदाच्या, पट्ट्या ‘गव्हाच्या खळी’ने पानांना चिकटवून मोकळा झालो होतो. घरची खळ दोन-तीन दिवसांत आंबते, ही बाटली महिनाभर तशीच. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

आत्येने उरलेला कागद बोटांत चुरगाळला. “ह्यो पतंगाचो कागद मा रे?”

खरा जपानी टिश्यू ओला करून फाडला की कडेला लांब, केसांसारखे तंतू सुटतात. याचा लगदा झाला. खरी खळ पाण्याने पुन्हा सैल होते, म्हणून तर ती वापरायची. उद्या कुणाला दुरुस्ती काढावीशी वाटली तर काढता यावी. मी पट्टी भिजवली तर कागद विरघळला, खाली गोंदाचं प्लास्टिकसारखं साल राहिलं आणि ते ओढताना अक्षरंही निघाली. हाताने लिहिलेली शाई ओली करू नये, हे मला कळायला हवं होतं. तो दोष माझा.

कमाल किटमधल्या, कागदातलं आम्ल तपासायच्या पेनाची. खऱ्या पेनाची रेघ आम्लयुक्त कागदावर पिवळी पडते, बिनआम्ल कागदावर जांभळी होते. माझं पेन सगळीकडे जांभळं. वर्तमानपत्रावरसुद्धा! साधं स्केचपेन होतं ते.

विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. असं किट मागवलंच असेल तर पेन आधी वर्तमानपत्रावर ओढा, टिश्यू भिजवून फाडा, खळीचा थेंब काचेवर वाळवून पुन्हा पाण्यात टाका. वहीला हात त्यानंतर. खळ तर मैदा शिजवून घरीच होते.

गेलेल्या पानावरचा अभंग आत्येला पाठ आहे. ती सांगते, मी उतरवून घेतो. दोन ओळींपाशी मात्र ती रोज अडते.