पेनी शेअर: फुकटची टीप की बीएसईवरची कागदपत्रं?

पेनी शेअरची, म्हणजे अगदी कमी भावाच्या शेअरची, टीप चॅट ग्रुपवर दोन मिनिटांत मिळते, वर 'उद्या अप्पर सर्किट'ची (दिवसभरात भाव चढू शकतो त्या कमाल मर्यादेची) हमी. साधना ब्रॉडकास्ट आठवा. 2022 मध्ये यूट्यूबवर आवई उठली की अदानी समूह ही कंपनी घेणार. भाव चढला आणि, बाजार नियामक सेबीच्या मार्च 2023 च्या अंतरिम आदेशानुसार, काही प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी) चढ्या भावात शेअर विकले.

कागदपत्रं कंटाळवाणी, मान्य. पण बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, साइटवर दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत ते, फुकटच असतं. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय, छोटे भागधारक वाढतायत? मग माल कोण कोणाच्या गळ्यात मारतंय, ते दिसतं. कॅश फ्लोही बघा: नफा छापलाय पण धंद्यातून रोकड येत नसेल, तर दोन रुपयांचा शेअरही महागच. टीपेतली बातमी त्याच साइटवरच्या 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स'मध्ये (कंपनीच्या अधिकृत घोषणांत) शोधा. नाही सापडली, तर ग्रुप म्यूट.