रॅम २५०० डिझेल, दीड वर्षानंतर: एक्झॉस्ट ब्रेक आणि न बदललेला फिल्टर

ट्रेलर ओढायचा नसेल तर रॅम २५०० हा मोठा अमेरिकन पिकअप ट्रक घेऊ नका. ओढायचा असेल आणि कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात राहत असाल, तर डिझेलच घ्या, आणि तेही एक्झॉस्ट ब्रेकसाठी (धुराची वाट आवळून इंजिनानेच गाडीचा वेग रोखणारी सोय) घ्या. माझ्या मॉडेलचे ३७० अश्वशक्ती आणि ८५० पौंड-फूट टॉर्क हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्यासमोर दुसरा पर्याय डॉजच्या चॅलेंजर स्कॅट पॅक या दणकट पेट्रोल कारचा होता. २०२३ हे तिचं शेवटचं वर्ष असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं, त्यामुळे मन तिकडेच धावत होतं. ६.४ लिटरचं व्ही-८, ४८५ अश्वशक्ती. पण मी राहतो ते डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते. म्हणजे पंधरा टक्के घराच्या दारातच गेले, आणि आय-७० महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११,००० फुटांच्या वर, जवळपास एक तृतीयांश. पैसे मात्र पूर्ण ४८५ चे मोजायचे. हे माझ्या हिशेबात बसेना. टर्बो डिझेलला उंचीची झळ खूपच कमी लागते. शिवाय कॅम्पिंगचा ट्रेलर आधीपासून दारात उभा होता, तो आधीच्या गाडीला झेपत नव्हता.

चढाचं कौतुक सगळेच करतात. मी उताराबद्दल लिहितो. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग सात टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला वाळू-खडीचे रॅम्प बांधलेले आहेत, ते पाहूनच समजायचं ते समजतं. आधीच्या पेट्रोल गाडीत इथे ब्रेक दाबत उतरायचो आणि खाली पोहोचेपर्यंत पॅड जळल्याचा वास केबिनमध्ये यायचा. बायको एक शब्द बोलायची नाही, फक्त दाराचं हँडल घट्ट धरून बसायची.

आता बोगदा संपायच्या आत टो-हॉल (ट्रेलर ओढतानाचा गिअर-मोड) लावतो, डॅशबोर्डवरचं एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. टर्बोच्या आतली फट मिटत जाते, धुराला बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि तो दाब उलटा पिस्टनवर येतो. गिअर आपोआप खाली उतरतो, एक घुमणारा आवाज येतो आणि ट्रेलरसकट गाडी ठरलेल्या वेगाला धरून राहते. ब्रेकला पाय लागलाच तर थोडासा. ज्यांनी बोरघाटात मालट्रक उतरताना पाहिले आहेत, त्यांना याची किंमत सांगायला नको. सीट, स्क्रीन, स्पीकर या सगळ्यांची चर्चा होते आणि या एका बटणाबद्दल शोरूममध्ये कुणी चकार शब्द काढत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

राग येण्यासारखं दुसरं प्रकरण सर्व्हिसिंगचं. या गाडीच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनाला डिझेलचे दोन फिल्टर असतात: एक इंजिनवर, दुसरा चेसीला, मागच्या ॲक्सलच्या पुढे. दोन्ही १५,००० मैलांना बदलायचे. इथल्या एका वर्कशॉपने बिल दोन्हींचं लावलं. चेसीवरच्या फिल्टरच्या झाकणाला मी आधीच पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून ठेवली होती, अर्धी झाकणावर, अर्धी बॉडीवर. घरी येऊन खाली आडवा झालो तर रेघ जुळलेली, तिच्यावर जुनी धूळ जशीच्या तशी, पान्याचा एक ओरखडा नाही. फोटो घेऊन परत गेलो. काउंटरवरचा माणूस आधी म्हणाला, बदललाय. मग म्हणाला, या मॉडेलला एकच असतो. मग मॅनेजर आला आणि पुढचं सर्व्हिसिंग फुकट देऊ म्हणाला. मला फुकट काही नको होतं, न केलेल्या कामाचे पैसे परत हवे होते. मिळाले, पण अख्खा शनिवार गेला. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेल इंजेक्टरांना पाणी-कचरा अजिबात चालत नाही. सहाच्या सहा गेले तर दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. म्हणून मी एवढा भांडलो.

तेव्हापासून फिल्टर आणि ऑइल घरीच बदलतो. ऑइल बारा क्वार्ट (सुमारे अकरा लिटर) लागतं, त्यामुळे ट्रे मोठा घ्या. वॉरंटीची भीती घालणाऱ्यांना सांगा की अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. घरी सर्व्हिसिंग केलं एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. फक्त पावत्या आणि मैलांची नोंद जपून ठेवा.

डीईएफबद्दल (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीचे काही महिने हा खर्च नुसता भुर्दंड वाटायचा, कारण डबे दुकानातून आणत होतो. आता ट्रक स्टॉपच्या पंपावर भरतो, तिथे तेच बरंच स्वस्त पडतं. युरिया आणि पाणी, दुसरं काही नाही. शून्याखाली ११ अंशांना गोठतं, पण टाकीला हीटर आहे, त्यामुळे थंडीत गाडी अडली नाही. ही सगळी यंत्रणाच काढून टाकायचा सल्ला देणारे खूप भेटतील. बेकायदा आहे, आणि त्या धुरात आपलीच मुलं श्वास घेतात. उत्सर्जनाच्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सला १.६७५ अब्ज डॉलरचा दंड झाला तो योग्यच झाला, असं मी म्हणतो. पुण्यात वाढल्यामुळे १९६२ पासूनच्या किर्लोस्कर-कमिन्सबद्दल आपुलकी आहे, तरी म्हणतो.

मायलेज: मोकळ्या हायवेवर गॅलनला १८-१९ मैल, ट्रेलर लावला की १०-११. एवढ्या जड गाडीला ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) अधिकृत आकडाच नसतो, तेव्हा शोरूममधल्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. बिनट्रेलरची गाडी खड्ड्यात चांगलीच आदळते. पार्किंगचा त्रास आहेच.

सेकंडहँड बघणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. २०१९-२० च्या गाड्यांत सीपी-४ हा इंधन पंप होता, त्यासाठी रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०२१ पासून परत सीपी-३ आला. जुनी घेत असाल तर रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागा. दुसरं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. डिझेल इंजिनाचं स्वतःचं वजन इतकं आहे की २५०० मध्ये माणसं, सामान आणि ट्रेलरचा हिचवरचा (मागच्या जोडणीवरचा) भार हे सगळं मिळून वाहायची मर्यादा बऱ्याचदा दोन हजार पौंडांच्या आसपासच उरते. ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा फिफ्थ-व्हील ट्रेलर डोक्यात असेल तर जास्त भार पेलणारी रॅम ३५०० बघा.