इन्सुलिन सुटलं म्हणून मी पेढे वाटले

आधी आकडे सांगून टाकतो, कारण ते लपवण्यातच माझे पाच महिने गेले. ४९९, मग १८,६००, मग १०,४००, मग ४,२००. एकूण ३३,६९९ रुपये, मधुमेह घालवतो म्हणणाऱ्या ऑनलाइन ठगांना. वर दवाखान्याचं बिल ४१,३५०. बेरीज ७५,०४९. यात पेढे धरलेले नाहीत. अर्धा किलो कंदी पेढे, सुई सुटल्याच्या आनंदात, कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींना मी माझ्या हाताने वाटले. दोन मीही खाल्ले.

आणि मी कोण? पतसंस्थेत २३ वर्षं वसुलीला होतो. थकबाकीदार दारात उभा राहून "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणाला की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, गोठ्याकडे बघायचं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. असा माणूस फसला. हसायचं तर हसून घ्या, आमच्या मेव्हण्याचं हसून झालंय.

पण माझी बाजूही ऐका. साखर अकरा वर्षांपासून, इन्सुलिन चार वर्षांपासून, रात्री १८ युनिट. कुणाच्या लग्नाला मुक्कामी जायचं तर इन्सुलिनचं पेन, बर्फाची पिशवी आणि दहा जणांचे प्रश्न. "अरे बापरे, सुईवर गेलात?" जणू सुईवर गेलात म्हणजे वर गेलात. माझ्या आईच्या पायाचा अंगठा साखरेपायी काढावा लागला होता, तो मला रोज अंघोळ करताना आठवतो. अशा माणसाला कुणी सांगितलं की ९० दिवसांत सुटका, तर तो हिशोब करत बसत नाही. जे करतात त्यांना माझा नमस्कार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. पांढरा कोट, मागे झाडपाला, "इन्सुलिनला रामराम". पुढचं तुम्हाला पाठ असेल: फुकट वेबिनार, ४९९ ची नोंदणी, "आजच्या आज घेतलं तर" सवलत (तेच ते १८,६००) आणि मग हेल्थ कोच. ही कोच म्हणजे गोड आवाजाची मुलगी. रोज सकाळी साडेआठला फोन. "काका, नाश्ता काय केलात? काका, पायाला मुंग्या येतायत का अजून?" माझ्या डॉक्टरांकडे दोन तास बसल्यावर चार मिनिटं मिळतात. इथे रोज वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांचेच पैसे मी दिले, असं आता वाटतं. पुण्याच्या लेकीला यातलं काही सांगितलं नाही, कारण कोच म्हणाली, "ताईंना थेट रिपोर्टच दाखवू, सरप्राईज!" घरच्यांना सांगू नका असं जो म्हणतो त्याचा फोन तिथेच ठेवा.

१४ जूनला डबा आला. तपकिरी पूड, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. सोबत आहाराचा तक्ता, आणि तो वाईट नव्हता हे कबूल करतो. भात बंद, ज्वारीची भाकरी, आधी कोशिंबीर मग जेवण, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. हे माझे डॉक्टरही चार वर्षं सांगत होतेच, पण फुकट सांगितलेलं कोण ऐकतो! यांची खरी हुशारी इथेच आहे. वजन उतरवून, खाणं सांभाळून टाईप २ वाल्या, म्हणजे बहुधा मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या, काहींची औषधं खरोखर कमी होतात, काहींची सुटतातही, डॉक्टरांच्या नजरेखाली. हे लोक त्या खऱ्या गोष्टीचं बोट धरूनच घरात शिरतात.

उपाशीपोटीची साखर १६० च्या आसपास असायची, ती सातव्या दिवशी १०८. मी मीटर दोनदा धुवायला निघालो होतो.

आणि मग २९ जूनची रात्र. तिच्यावर मी आजही अडकलोय.

साडेतीनला जाग आली. बनियन पिळून काढावी इतका घाम, हात थरथरतायत, जीभ जड. बायकोने मीटर लावला तर ५२. सत्तरच्या खाली आलं की धोका, हे मला अकरा वर्षं माहीत होतं. तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ७९. सकाळी मी कोचला लिहिलं. वाटलं ती घाबरेल. तिकडून फुलांची चित्रं आणि: "अभिनंदन काका!! स्वादुपिंड जागं झालं! आता बाहेरचं इन्सुलिन जास्त होतंय. आजपासून सुई आणि गोळ्या दोन्ही बंद."

मेल्या माणसा, इथे तरी थांबायचंस!

वसुलीतला एक नियम होता. जो थकबाकीदार अचानक सगळी रक्कम एकदम भरतो, त्याची पावती दोनदा तपासायची, कारण ते पैसे बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी कर्जातून उचललेले असतात. अकरा वर्षं जी साखर दहा-वीसने हलली नाही ती पंधरा दिवसांत शंभरने पडली, आणि मी पावती तपासली नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, असल्या पुडीत साखर उतरवणाऱ्या औषधी गोळ्याच कुटून घातलेल्या सापडतात. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी, स्वस्त गोळी, तिचा परिणाम बराच वेळ टिकतो. कधी सोबत स्टेरॉइडही असतं, त्याने दोन दिवस हुशारी वाटते आणि साखर मात्र चढते. वर मी माझं इन्सुलिन घेतच होतो. म्हणजे स्वादुपिंड जागं झालं नव्हतं, मीच कायमचा झोपणार होतो.

(असल्या वेळी साखर-पाणी पिऊन बरं वाटलं तरी झोपून जाऊ नका. गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. तसंच उठून दवाखाना गाठा.)

डबाही बोलत होता. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. बायको चष्मा लावून म्हणाली, "अहो, याच्यावर गावाचं नावसुद्धा नाही." मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं. कोचने इन्सुलिनची पेनं फेकून द्यायला सांगितली होती. बायकोने न उघडलेली तीन पेनं फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे लपवून ठेवली, मला न सांगता. त्याच दिवशी संध्याकाळी मी पेढे आणले.

जुलै मजेत गेला. ऑगस्टला पूड संपली, तेव्हा कळलं की आता "दुसरा टप्पा" आहे, ११,४०० चा. मी कुरकुरलो. कोच म्हणाली, तुमचा अनुभव सांगणारा छोटा व्हिडिओ दिलात तर हजार कमी. मी दिला. निळा हाफ शर्ट, मागे कालनिर्णय, आणि मी म्हणतोय, "अकरा वर्षांचा मधुमेह, आज इन्सुलिन शून्य." चाळीस सेकंद. १०,४०० पाच ऑगस्टला भरले.

हे लिहायला हात जड होतो. त्यांच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती. त्यात एका आईने विचारलं होतं, माझा मुलगा १४ वर्षांचा, सहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे, त्याचंही सुटेल का? कोचने लिहिलं, नक्की ताई, आणि खाली माझा व्हिडिओ चिकटवला. लहानपणापासूनचा मधुमेह म्हणजे बहुतेक टाईप १. त्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही म्हटलं तरी चालेल. सुई बंद केली तर काही दिवसांत जिवावर बेततं, भाकरी खा नाहीतर काहीही खा. हे मला तेव्हाही ऐकून माहीत होतं. मी काय केलं? त्या व्हिडिओखाली चाळीस जणांनी हात जोडले होते, त्यांना "धन्यवाद" लिहीत बसलो.

दुसरा डबा १९ ऑगस्टला आला. रंग वेगळा, वास बडीशेपेचा. दरम्यान साखर २६०, मग ३४०. "साठलेली साखर बाहेर पडतेय काका." तज्ज्ञांच्या पॅनेलला रिपोर्ट दाखवायचे ४,२००, तेही भरले. दुसऱ्या दिवशी ग्रुप गायब, फोन बंद. २७ तारखेला तोंडाला कोरड, रात्रीतून आठ वेळा लघवीला, आणि मीटरवर ४८६. चार दिवस ॲडमिट. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, मे महिन्यात ८.१ होतं ते १०.४. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता सरकारदरबारी काय झालं ते ऐका.

पोलिसांत गेलो. "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? आवडलं नाही म्हणून तक्रार होत नाही काका." मी म्हटलं, जीव जाता जाता राहिला. "राहिला ना?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का असलेले साहेब बंदोबस्ताला. तीन हेलपाटे, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्ताला. ऑनलाइन तक्रार केली तर उत्तर आलं, रक्कम आपण स्वखुशीने पाठवलेली असल्याने ग्राहक मंचाकडे जावे. मग एका सरकारी कचेरीत दोन्ही डबे घेऊन गेलो. पहिलं टेबल म्हणालं, यावर "सप्लिमेंट" लिहिलंय, हे औषध नव्हे, पलीकडच्या टेबलाला जा. पलीकडचं टेबल म्हणालं, तुम्ही म्हणता यात औषध आहे, मग अलीकडच्या टेबलाला जा. मध्ये जेवणाची सुट्टी. शेवटी एकाने डबा हातात घेतला, उलटा केला, म्हणाला, सील फोडलंय, याचा नमुना घेता येत नाही. अहो, सील न फोडता पूड खाऊ कशी? डबे घरी परत आले. म्हणून पुडीत काय होतं याचा कागद माझ्याकडे नाही, डॉक्टरांचा संशय तेवढा आहे.

मी घरून वाचून गेलो होतो. औषधांच्या आणि जादुई उपायांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, आणि बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही अशा आजारांच्या त्याच्या यादीत मधुमेह आहे. सत्तर वर्षं जुना कायदा! दाखवला. "जाहिरात कुठंय?" लिंक उघडली तर रिकामं पान. मग त्यांचा तरुण सहकारी मोबाईलवर शोधू लागला, आणि त्याला सापडला तो माझा व्हिडिओ. नव्या नावाच्या पानावर. त्याने माझ्या शर्टाकडे बघितलं, योगायोगाने तोच निळा. "हे तुम्हीच ना? मग जाहिरात तर तुम्हीच केलीत." सगळं ऑफिस हसलं. चहावालासुद्धा.

तर जाहिरात दिसताच स्क्रीनशॉट घ्या, नंतर ती उरत नाही. पैसे गेल्याचं लक्षात येताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखा तीन आठवडे लाजत बसू नका. उशीर झाला की पैसे खात्यात अडवायलाही उरत नाहीत. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझी आता तिथे आहे, पुढची तारीख मार्चची. डबा मागवलाच असेल तर एक न फोडता ठेवा. आणि इन्सुलिनचा एक युनिटसुद्धा कुणा कोचच्या सांगण्यावरून कमी करू नका.

बायकोने लपवलेली ती तीन पेनं कामाला आली. माझं जुनं उघडलेलं पेन मात्र नर्सने फेकायला लावलं, उघडल्यावर २८ दिवसच चालतं म्हणे. चार वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं. आता रात्री २२ युनिट घेतो. प्रीतिसंगमावर जातो, पण मंडळी येण्याआधी, साडेपाचलाच.

व्हिडिओ काढून टाका म्हणून मी चार वेळा रिपोर्ट केला. एकदा गेला, आठवड्याने दुसऱ्या पानावर आला. निळा हाफ शर्ट, मागे कालनिर्णय, जुलैचं पान. ऑगस्ट लागला होता, मी पान उलटायचं विसरलो होतो. तो दिसला तर खालची लिंक दाबू नका. आणि त्या ताई हे वाचत असतील, तर मुलगा कसा आहे तेवढं कळवा.