अंतरा इंजेक्शन: चार डोसांनंतर, ऊसतोडीचा हंगाम धरून

अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी टोचायचं इंजेक्शन. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागलेलं हे इंजेक्शन वर्षभर घेतलं की सगळ्यात जास्त बोलणं होतं ते पाळीवर. पहिल्या दोन डोसांत तिचा काही भरवसा नसतो. मधेच चार-पाच दिवस नुसते डाग, मग दोन महिने काहीच नाही. चौथ्या डोसापर्यंत बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. ‘रक्त पोटात साठतं’ असं सासवा सांगतात, ते खोटं. गर्भपिशवीचं अस्तर पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला काही नसतंच. पण रक्त आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट जात असेल तर दवाखाना गाठायचा.

बीडकडे हे जास्त ठासून सांगावं लागतं. तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची चौकशी 2019 मध्ये सरकारी समितीला करावी लागली. इंजेक्शनमुळे डाग पडतात म्हणून कुणी पिशवी काढा म्हणालं, तर डोसांच्या तारखा लिहिलेलं अंतरा कार्ड उचलून दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

डोस 150 मिलिग्रॅमचा, दंडात, मांडीत किंवा कमरेखाली. औषध तळाशी बसतं, म्हणून सिस्टरने बाटली नीट हलवून घेतली का ते बघा. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही. औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतलं तर लगेच लागू. नंतर घेतलं तर सात दिवस निरोध.

आता खरी अडचण. तीन महिन्यांची तारीख दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालते. दसऱ्यानंतर टोळी निघाली की ती एप्रिलपर्यंत परतत नाही. 10 ऑक्टोबरला डोस घेतला तर पुढचा 10 जानेवारीला, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे एक डोस कारखान्याकडेच पडणार. अंतरा कार्ड गावातल्या पेटीत ठेवू नका, कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) न्या आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

तेही जमणार नसेल तर छाया ही गर्भनिरोधक गोळी बरी. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, मग एकच. आठ गोळ्यांची पट्टी. पाच महिन्यांसाठी नवीन सुरू करणारीने पाच पट्ट्या आशाताईकडून आधीच घ्याव्यात. पीसीओडी (अंडाशयातल्या गाठी) किंवा काविळीचा त्रास असेल तर मात्र नको.

माला-एन ही गर्भनिरोधक गोळी रोज घ्यायची, आणि पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईची ती चुकतेच. लागोपाठ दोन चुकल्या की सात दिवस निरोध. बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, पस्तिशीनंतर बिडी, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, सहा महिन्यांच्या आतलं अंगावरचं बाळ: यातलं काहीही असेल तर माला-एन नाही. टीबीच्या रिफाम्पिसिनने तिचा असर घटतो. अंतराचा घटत नाही. बाळ अंगावर असलं तरी अंतरा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालतं.

गुण कापायचे तर दोन ठिकाणी. वजन वर्षाला किलो-दोन किलो वाढू शकतं. आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही: मूल हवं झालं तर शेवटच्या डोसापासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, तेव्हा पुढच्या दिवाळीत पाळणा हलवायचा असेल तर हंगामाला निघतानाचा डोस घेऊ नका.